चुन्याखालची भिंत

घरी पाहुणा येणार म्हटलं की आक्काच्या अंगात यायचं. उंबऱ्यापासून माळ्यापर्यंत सगळं घासूनपुसून लख्ख. तेव्हा रस्ता रुंद करायला जागा मोजणारे साहेब येणार, हे कळल्यावर तिनं काय केलं असेल ते वेगळं सांगायला नको. कापडं रंगवायचा बाबांचा कारखाना, म्हणजे रस्त्यालगतची एक लांबट खोली, त्यांच्यामागे तीच एकटी चालवत होती. तिनं भट्ट्या विझवून वर फळ्या टाकल्या, कढया परसात पालथ्या घातल्या आणि भिंतींना हौसेनं पांढराशुभ्र चुना दिला.

साहेब आले, चहा प्यायले, खोलीचं तोंडभरून कौतुक केलं आणि ‘राहती खोली, रिकामी’ असं लिहून गेले. नोटीस हातात पडली तेव्हा धाकट्या भावानं कपाळावर हात मारला. भरपाई नुसत्या जागेची धरली होती. बुडणाऱ्या धंद्याचा, नव्या जागी भट्ट्या घालायच्या खर्चाचा पत्ताच नव्हता. ते पैसे मिळाले नाहीत तर आक्काला रंगकाम कायमचं सोडावं लागणार होतं. दुसरं काही तिला येत नव्हतं, आणि शिकायचंही नव्हतं.

धाकट्यानं हरकत घेतली. धंद्याची भरपाई हा तुमचा हक्कच आहे, कचेरीत सांगितलं, फक्त धंदा इथंच चालत होता हे दाखवा. साहेब पुन्हा आले. आक्कानं ओशाळून फळ्या उचलून भट्ट्या दाखवल्या, कढया दाखवल्या, तर म्हणाले, भट्ट्या काय, रातोरात घालता येतात, आणि कढया कुठूनही आणता येतात. मग तिनं स्वयंपाकघरातून उलथनं आणलं आणि भिंत खरवडायला घेतली.

आधी निळा निघाला, शाळेचे गणवेश रंगवताना भिंतीवर उडून मुरलेला. त्या वर्षी बाबांचे हात कोपरापर्यंत निळे असायचे आणि आई त्यांना लहान मुलासारखं भरवायची. त्याखाली तांबडा, नाटकाच्या पडद्याचा. तो पिळताना धाकटा कढईत पडता पडता वाचला होता. त्याच्याही खाली फिकट पिवळा. बाबा आजारी असताना आईनं एकटीनं केलेला आणि साफ बिघडलेला. बाबा म्हणाले होते, असा रंग मला जन्मात जमला नसता. केवढे हसले होते सगळे. आक्काचे डोळे भरून आले. ते दिवस तिला परत हवे होते, आणि ते कुठल्या भरपाईत बसणार?

साहेबांनी फोटो काढले, ‘कापड रंगवण्याचा चालू धंदा’ असं लिहून सही केली. आक्का खरवडतच होती.

“आक्का, पुरे आता,” साहेब म्हणाले. “तुमचं काम झालं. महिन्याभरात ही भिंत पाडायचीच आहे.”

“म्हणून तर,” आक्का हात न थांबवता म्हणाली. “पडायचीच आहे तर आमची म्हणून पडू दे. अशी पांढरी मी नाही जाऊ देणार तिला.”

धाकट्यानं शर्टाच्या बाह्या वर सारल्या, आतून दुसरं उलथनं आणलं आणि पलीकडच्या कोपऱ्यापासून सुरुवात केली.