तिसऱ्या दिवसाच्या पुरणपोळ्या

तात्या गेले आणि आईनं जेवण सोडलं. रागानं किंवा हट्टानं नव्हे. ताट पुढे आलं की "नंतर बघू" म्हणायची आणि ते नंतर काही येत नव्हतं. शेजाऱ्यांनी रिवाजाप्रमाणे पिठलं-भात आणून दिला, तो आम्हीच संपवला. नुसत्या चहावर माणूस किती तग धरणार? मी विनवलं, दटावलं, शेवटी ओरडलेसुद्धा. डॉक्टरांनी बजावलं, आज पोटात काही गेलं नाही तर सलाईन लावावं लागेल.

तात्या म्हणजे माझे वडील. देवासच्या कॉलेजात शिकवता शिकवता प्रिन्सिपल झाले आणि निवृत्तीनंतर धारला येऊन राहिले. आमच्यात उठावणा, म्हणजे तिसऱ्या दिवशीची शोकाची बैठक, नसतो, पण माळव्यात राहून हे सांगायचं कुणाकुणाला? तिसऱ्या दिवशी दुपारी देवासहून जीप भरून त्यांचे जुने विद्यार्थी आले, उठावण्याला म्हणून. पुढे गेंदा, हातात मोठा डबा. ही उदयनगरच्या जंगलातल्या एका पाड्यावरची. तात्यांनी तिच्या बापाची समजूत घालून तिला हॉस्टेलात ठेवलं होतं. आता ती तिकडच्याच शाळेत शिकवते.

"दीदी, गमी के घर चूल्हा नहीं जलता ना," ती म्हणाली. "इसलिए हम सबने मिलके बनाया."

तिनं झाकण उघडलं. आत पुरणपोळ्या!

मी कपाळावर हात मारून घेतला. सुतकाच्या घरात, तिसऱ्या दिवशी, गोड! तात्यांची थोरली बहीण कुसुमावती आत्या भिंतीला टेकून बसली होती, ती ताठ झाली. "अगो बाई! तेराव्याचं गोड व्हायचंय अजून, आणि हे काय मांडलंत?"

गेंदाला मराठी येत नाही, पण आवाज तर कळतो. ती गोरीमोरी झाली. "हमने तो मराठी खाना सर के घर ही खाया है. हर पाडवे पे. यही खाया. हमें लगा आप लोगों का खाना यही होता है."

खरंच होतं ते. परीक्षेपायी पाडव्याला जी पोरं हॉस्टेलात अडकत, त्यांना तात्या घरी जेवायला घेऊन येत. त्यांनी दुसरं मराठी जेवण पाहिलं कधी? पोळ्याही कशा, तर जाडजूड, कडेनं करपलेल्या, फुटून पुरण बाहेर आलेलं. मी जन्माची तापट, पण रागवायचं कुणावर? आईला लागेल म्हणून डबा आत न्यायला वाकले.

"राहू दे तिथं, लतिका," आई म्हणाली. तिनं गेंदाला जवळ बसवलं. "तेरे सर को पुरणपोळी बिलकुल नहीं भाती थी. एक खाई कि दो दिन अजवाइन चबाते बैठते थे."

गेंदा बघतच राहिली. "पर काकीजी, हमारे साथ तो माँग-माँग के खाते थे!"

"वो नहीं खाते तो तुम लोग खाते? पहले साल तूने थाली को हाथ नहीं लगाया. सामने प्रिन्सिपल साहब जो बैठे थे. तब से माँगने लगे."

तात्यांच्या त्या ओव्याची आम्ही किती थट्टा करायचो! गेंदानं तोंडाला पदर लावला. आईही रडली, तात्या गेल्यानंतर पहिल्यांदाच. मीही रडले. असे वडील मिळाले म्हणून, आणि एवढ्या लांबून करपलेल्या पोळ्या घेऊन येणारी माणसं त्यांनी मागे ठेवली म्हणूनही. त्या पोरांच्या पाया पडावंसं वाटलं मला.

आईनं डोळे पुसले आणि पोळीचा तुकडा मोडला.

आत्या पुन्हा काही बोलणार, तेवढ्यात आई म्हणाली, "वन्सं, गोड चालत नाही, ठाऊक आहे मला. पण पोरांनी आणलेलं परत पाठवलं, तर ह्यांना चालेल का ते?"

तुकडा तिच्या तोंडात गेला. ती सावकाश चावत राहिली. दुसरा तुकडा मोडला.

आत्या भिंतीचा आधार घेत उठली आणि आत गेली. रुसली, मला वाटलं. बाहेर आली ती तुपाची वाटी घेऊन.

"कोरडी कशी उतरायची घशाखाली?" ती आईवरच खेकसली. "तूप घे वर."