तीन ठिपके, एक फुली

मी एक जुना पंचा आहे. नगरपंचायतीच्या हिशेब अधिकाऱ्यांसाठी असलेले चाळीस तासांचे प्रशिक्षण मी एकही तास न चुकवता पूर्ण केले आणि मला त्याचे प्रमाणपत्रही मिळाले. मित्रांनो, आता असे काही घडलेच नाही असे समजा. सरकारने तसेच समजायला सांगितले आहे. म्हणून मी आपला पहिल्यापासून सांगतो.

माझा जन्म ईरोडकडच्या एका हातमागावर झाला. पांढरे अंग, हिरवा काठ. तिकडे मला तुंडू म्हणतात. जन्मतःच मला कात्रीने जुळ्या भावापासून वेगळे केले, पण मी त्याचे वाईट वाटून घेतले नाही. पंच्यांमध्ये ती रीतच आहे. तंजावरला राजवाड्यामागच्या गल्लीत राहणाऱ्या भामाबाईंनी मला दिवाळीला विकत घेतले आणि यजमानांच्या, म्हणजे सीतारामरावांच्या, खांद्यावर टाकले. पहिल्याच आठवड्यात धोब्याने माझ्या कोपऱ्यात काळ्या शाईने तीन ठिपके आणि एक फुली काढली. माणसांना नाव असते, धोब्याकडे जाणाऱ्यांना खूण असते.

सीतारामराव पापनाशमच्या पुढे एका छोट्या नगरपंचायतीत हिशेब अधिकारी होते. माझे काम सकाळी सव्वाआठला सुरू होई. बस थांबायच्या आत ते मला खिडकीतून आत फेकत. मी ज्या सीटवर पडे ती सीट त्यांची. आमच्याकडे हा नियम देवळातल्या नियमांपेक्षा कडक आहे. एकदा कोंबड्यांची पाटी घेतलेली एक बाई पापनाशमपर्यंत माझ्या शेजारी उभी राहिली, पण बसली नाही. खरे तर त्या दिवशी रावांची बस चुकली होती. माझी चुकली नव्हती. कंडक्टरने मला ऑफिसात पोचते केले.

ऑफिसात मी खुर्चीच्या पाठीवर बसे. पंचा आहे म्हणजे साहेब आहेत. साहेब समोरच्या हॉटेलात कॉफी पीत असले तरी आहेत. लोक माझ्यापुढे अदबीने उभे राहत, आणि एका म्हाताऱ्याने तर मला नमस्कारही केला. तो मी अजून जपून ठेवला आहे.

रावांना एकाच गोष्टीचा अभिमान होता, तो म्हणजे त्यांची सही. सत्तावीस वर्षे ते ती करत होते. सुरुवातीला सोंडेसारखे वळण, मध्ये नारळीसारखा उंच दांडा, शेवटी कावेरीला फुटलेल्या कालव्यांसारख्या चार रेघा. दुधाच्या कार्डावरही ते पूर्ण सही करत.

अशात सत्त्याण्णव साल उजाडले. मद्रासचे चेन्नई झाले होते, गल्लीत घरोघरी केबल आली होती, आणि जुने काही जसेच्या तसे राहू द्यायचे नाही असे कुणीतरी ठरवले होते. एक आदेश आला. हिशेब यापुढे दोन्ही बाजूंनी लिहायचे, काय आले आणि काय गेले. त्यासाठी हिशेब अधिकाऱ्यांनी दर वर्षी चाळीस तास शिकायचे. जो शिकणार नाही त्याचा सहीचा अधिकार एक एप्रिलपासून बंद.

रावांनी तो आदेश तीनदा वाचला आणि माझ्याने तीनदा मान पुसली.

"सही गेली तर काय कराल ओ?" भामाबाईंनी दारातल्या रांगोळीकडे पाहत विचारले. "माझ्या कोलमाखाली कराल?"

प्रशिक्षण तंजावरलाच होते, एका लग्नाच्या हॉलमध्ये. फेब्रुवारीत मुहूर्त कमी होते. फळ्याच्या मागे अजून 'शुभविवाह' होते आणि वधूवरांची खुर्ची शिकवणाऱ्या बाईंना दिली होती. त्या अखिला, चेन्नईहून आलेल्या, वय जेमतेम सव्वीस. रावांनी तिसऱ्या रांगेतल्या खिडकीजवळच्या खुर्चीवर मला घातले आणि माझ्यावर बसले. त्यांचा डावा पाय सारखा हलत होता.

अखिलाबाईंनी त्यांनाच उभे केले. "सर, नगरपंचायतीने एक खुर्ची घेतली. एका बाजूला खुर्ची आली. दुसऱ्या बाजूला काय लिहाल?"

रावांनी पुष्कळ विचार केला. "पंचा," ते म्हणाले.

हॉल हसला. राव हसले नाहीत. त्यांनी खरेच विचार करून उत्तर दिले होते.

दीड तासाने चहाची सुट्टी झाली. मला खुर्चीच्या पाठीवर टाकून ते बाहेर गेले ते परत आलेच नाहीत. रोज सकाळी येत, मला ठेवत, निघून जात. त्यांचे पाहून बाकीच्यांनीही तेच केले. हजेरी घ्यायचे काम हॉलच्या राखणदाराकडे, तुळजारामकडे होते. पंचा आहे म्हणजे माणूस आहे, हे त्याला लहानपणापासून ठाऊक. माणसांची नावे मात्र ठाऊक नव्हती. तो खुर्च्यांमधून फिरे, पंच्याचा कोपरा उलटे आणि धोब्याची खूण वहीत उतरवून घेई.

पाचव्या दिवशी हॉलमध्ये अकरा पंचे आणि दोन माणसे होती. त्यातला एक झोपलेला होता.

अखिलाबाई शिकवत राहिल्या. आणि मित्रांनो, मी शिकलो. दुसरे करणार काय? खुर्ची आली तर रोकड कमी झाली. रोकड दिली नसेल तर देणे वाढले. मला उत्तर येत होते आणि हात नव्हता. इतका जीव कासावीस पिळून काढतानाही झाला नव्हता. "समजलं का?" असे बाई विचारत, तेव्हा पंख्याचा वारा येई आणि मी मान हलवी. तेवढेच समाधान.

शेवटच्या दिवशी सगळे आले. बाईंनी रावांना प्रमाणपत्र दिले. नावाच्या जागी निळ्या शाईने तीन ठिपके आणि एक फुली होती.

"बाई, यात माझं नाव नाही."

"तुमचं नाव?"

"सीतारामराव."

बाईंनी वही चाळली. "तुम्ही पहिल्या दिवशी दीड तास होता, सर. हे मात्र रोज होते." त्यांनी माझ्याकडे बोट दाखवले. "लक्ष देऊन ऐकायचे."

घरी भामाबाईंनी तो कागद उजेडात धरला. "हे आपल्या धोब्याचं चिन्ह कीं ओ," त्या म्हणाल्या. "तुंडू पास झालं. दहा वर्षं मी त्याला धोब्याकडे धाडते. एकदा तुम्हाला धाडायला हवं होतं."

"त्या पोरीसमोर मी परत उभा राहू?"

"मग सही विसरा. अस्कं सुटेल, सगळं. पायसुद्धा हलायचा थांबेल."

मार्चमध्ये त्या वर्षाची शेवटची तुकडी होती. जायच्या सकाळी त्यांनी सवयीने मला खांद्यावर घेतले. भामाबाईंनी मला उतरवून दोरीवर टाकले. "हे नक्को. त्याचं झालंय."

आठ दिवस मी दोरीवर लोंबकळत होतो. वारा नसतानाही हललो. तिसऱ्या रांगेत कोण बसले असेल, खुर्चीचे काय उत्तर दिले असेल? संध्याकाळी मात्र स्वयंपाकघरातून आवाज येऊ लागला.

"डांगर पच्चडी आली. काय गेलं?"

"उडदाचं पीठ. आणि दही."

"कॉफी आली?"

"पूड, दूध," राव म्हणाले. मग थांबले. "आणि तुझं देणं वाढलं. सत्तावीस वर्षांचं."

कॉफी पुन्हा आली.

एकतीस मार्चला रावांना त्यांच्या नावाचे प्रमाणपत्र मिळाले. सही वाचली. पुढे निवृत्त होईपर्यंत ते दर वर्षी स्वतः जाऊन चाळीस तास बसले. खुर्चीवर त्यांनी परत कधी पंचा टाकला नाही. माझ्या प्रमाणपत्राबद्दल फाइलीत लिहिले गेले की असे प्रमाणपत्र दिलेच गेलेले नाही.

आता माझा हिरवा काठ विटला आहे. भामाबाई माझ्याने कॉफीचे गरम भांडे उतरवतात. त्याची तक्रार नाही. पण शिक्षण एका वर्षाने शिळे होते असा नियम आहे, आणि मार्च जवळ आला की माझे धागे आपोआप सुटू लागतात. मित्रांनो, पंचे नीट वापरा. स्वतःच्या जागी त्यांना बसवू नका. ते शिकतात, आणि मग त्यांना चैन पडत नाही.

मा. संचालक यांच्या सेवेशी सविनय सादर, की अर्जदाराचे चाळीस तास नोंदवून घ्यावेत, आणि येत्या वर्गात तिसऱ्या रांगेतली खिडकीजवळची एक खुर्ची राखून ठेवण्यात यावी. ती राखण्यासाठी तिच्यावर काहीही टाकू नये. अर्जदार स्वतः येईल.

आपला विश्वासू,
तीन ठिपके, एक फुली