तुह्या माहेरचं रगत

सर्दी घरात सगळ्यायलेच झाली होती. आमी तीन दिवस शिंकलो अन् मोकळे झालो. माही दोन वर्षांची नात चिऊ मात्र अकोल्याच्या दवाखान्यात बारा दिवस मशीनवर होती. पोट्टी वाचली. डॉक्टरीणबाईनं आमचं सगळ्यायचं रक्त तपासाले पाठवलं अन् म्हणे, हा दोष जन्माचा दिसते, घराण्यातून आलेला.

घराण्याचं नाव निघालं अन् माहं डोस्कं सरकलं. सून वर्षालीले म्हटलं, "आमच्या नितेशमंधी काही खोट नाही. तुह्या माहेरचंच रगत खराब." एवढ्यावर थांबली असती तं मी शकुन कसची? महिनाभर तेच चालवलं. शेवटी वर्षालीनं बॅग भरली. रिपोर्ट घेऊन, चिऊले काखेत मारून, दवाखान्यातूनच बडनेऱ्याले बापाकडे जाणार म्हणे. 'जा' असं मीच बोलून बसली होती.

तिचा बाप नत्थुजी दवाखान्यातच न्यायले आला. माहा सख्खा भाऊ, पण त्या महिन्यात मी त्याले व्याहीच म्हणत होती.

डॉक्टरीणबाई म्हणाली, "आजी, विषाणू शिरला की पेशी शेजारणीला हाक मारते, दार लाव म्हणून. चिऊच्या पेशी हाक मारतात, पण शेजारणींना ऐकूच येत नाही."

"आमच्याकडे कोणी बहिरं नाही," नत्थुजी म्हणे.

"यायच्याकडे कोणी ऐकतच नाही," मी म्हटलं.

बाईनं कागद ओढला. "हा दोष आईकडून एक अन् वडिलांकडून एक, असा दोन्हीकडून आला तरच आजार होतो. एकच असला तर माणूस ठणठणीत राहतो. वर्षालीला तो वडिलांकडून आलाय. नत्थुजी, तुमचे आईवडील?"

"शेषराव अन् पार्बताबाई."

"नितेशला आईकडून आलाय. आजी, तुमचे?"

"तेच दोघं," मी म्हटलं. पेन्सिल घेऊन बाई माह्या तोंडाकडे पाहत होती. भावाची पोरगी सून करायची, हा हट्ट बी माहाच होता. महिनाभर शिव्या खाल्ल्या त्या माह्याच मायबापानं.

"चूक कोणाचीच नाही," बाई म्हणाली. "पण ताप आला की तासाभरात इथं आणायचं. घरातल्या सगळ्यांनी फ्लूची लस घ्यायची. चिऊला कोणती द्यायची ते मी सांगीन. कार्डावर पत्ता कोणता लिहू?"

वर्षाली म्हणे, "आत्याबाईलेच विचारा. माहं सासर बी त्यायचं, माहेर बी त्यायचंच. दोन्हीकडून त्यायनंच हाकललं मले."

मले रडू आलं. भर दवाखान्यात रडली मी. "आमच्या घरचाच लिहा, अकोल्याचा," म्हटलं, अन् वर्षालीची बॅग माह्या खांद्यावर घेतली.

"अन् मी काय करू?" नत्थुजी म्हणे.

"तू सुई टोचून घे," मी म्हटलं, "अन् मंगच ये नातीले भेटाले."