पोटातली ठकठक

मित्रांनो, रनाळ्याच्या लोटनआबांची जुनी मोटार ती मीच. माझा जन्म सातासमुद्रापलीकडच्या कारखान्यात झाला. बोटीने मुंबईला आणि आगगाडीने नंदुरबारला पोहोचले. गावात शिरले तेव्हा बायकांनी माझ्या दोन्ही दिव्यांना कुंकू लावलं.

पुढे कितीतरी वर्षं मी आबांना शेतावर, बाजाराला, लग्नकार्याला नेलं. मग माझ्या पोटात ठकठक सुरू झाली. चढावर ती इतकी वाढे की बैल बुजत. आबा वैतागले आणि ड्रायव्हर रेवजीला म्हणाले, "इंजिन उतार अन् विहिरीवर बसाड. पाणी तरी उपसाई!"

मी हादरले. इंजिन गेल्यावर माझ्यात उरणार काय? कोंबड्यांना बसायला गाद्या!

रेवजी हळूच म्हणाला, "आबा, एक डाव माले पाहू द्या. इंजिन न उतारता."

"पाह्य बरं. पोळा लगून." म्हणजे मला पोळ्यापर्यंतची मुदत मिळाली.

रेवजीने निंबाखाली खड्डा खणून मला त्यावर उभं केलं. इंजिन सुरू करून तो कान लावी, पण ठकठक चारही सिलिंडरांतून आल्यासारखी वाटे. आबांच्या पत्नी दगूबाई चूल सोडून पाहायला आल्या.

"रेवजीभाऊ, आवाज कथाईन ई ऱ्हायना?"

"कुठून येस, तेच समजत नही, वहिनी."

दगूबाई घरात गेल्या आणि चुलीची लोखंडी फुंकणी घेऊन आल्या. तिचं एक टोक माझ्या अंगाला, दुसरं आपल्या कानाला. इथे टेकव, तिथे टेकव, असं करत त्या तिसऱ्या सिलिंडरपाशी थबकल्या.

"आठेच शे!"

ठकठक इथेच होती. रेवजीनेही ऐकलं आणि तो हसला. खड्ड्यात उतरून त्याने माझ्या तळाचं तेलाचं भांडं सोडलं. तिसऱ्या सिलिंडरच्या दांड्याचा जोड झिजून सैल झाला होता. त्यातली पितळेची पातळ पट्टी काढून त्याने तो आवळला. फार आवळला की माझं इंजिन फिरेना, सैल सोडला की पुन्हा ठकठक. दगूबाई वाकून विचारत, "हाई काय शे? अन् हाई कसाले?" माझ्या पोटात इतक्या कुतूहलाने कोणी कधी डोकावलं नव्हतं.

अखेर रेवजीने हँडल मारलं आणि मी नुसती गुणगुणले. ओसरीवरून आबा धावत आले.

"चाल रेवजी, सारंगखेडाले जाऊत!" मग ते पत्नीकडे वळले. "तू बी बस. आवाज परत उना तर तुलेच आधी समजी."

त्या दिवशी दगूबाई पहिल्यांदा माझ्यात बसल्या. मित्रांनो, आमची यंत्रांची एवढीच विनंती आहे. आम्ही कुरकुरलो तर लगेच मोडीत काढू नका. आधी विचारा, दुखतंय कुठे?