कायले आली वं पोरी

मी व्हॉइस रेकॉर्डर बोलतोय. आश्चर्य वाटलं ना? आजवर माझं काम ऐकून घ्यायचं आणि पोटात ठेवायचं. स्वतःचं एक अक्षर मी कधी बोललो नाही. पण माझ्यामुळे एका बाईचं जे झालं, ते आता माझ्या पोटात राहत नाही.

माझा जन्म कुठल्याशा कारखान्यात झाला. यवतमाळला बबलूच्या मोबाइलच्या दुकानात आलो, तेव्हा चार्जर आणि टॉर्च यांच्या मधोमध मला उभं केलं गेलं. सात महिने तिथेच होतो. लोक यायचे, माझ्याकडे बोट दाखवायचे. "हे काय होय बे?" बबलू सांगायचा, "आवाज भरते." "मंग मोबाइलात भरते की!" एवढं बोलून लोक कव्हर घ्यायचे आणि चालू पडायचे. खोटं कशाला बोलू, फार अपमान वाटायचा.

मग एप्रिलच्या एका दुपारी एक मुलगी आली. उन्हामुळे स्कार्फ असा गुंडाळलेला की नुसते डोळे दिसत होते. ती उर्वशी. तिचे प्रश्नच निराळे.

"बटण दाबलं की टिंग वाजते काय याचं?"

बबलूनं भुवया वर केल्या. "ताई, कोणाची भानगड पकडाची हाय काय?"

"भानगड नाही रे बाबा. काम हाय माह्यं." मग तिनं त्याला समजावलं. मोठ्या कंपन्यांची गावोगावी दुकानं असतात. तिथली माणसं गिऱ्हाइकाशी कशी वागतात हे पाहायला कंपनी गुपचूप एखादं खोटं गिऱ्हाईक पाठवते. ते खोटं गिऱ्हाईक म्हणजे उर्वशी. दुकानात जायचं, वस्तू घ्यायची, सगळं बोलणं भरून आणायचं आणि फॉर्मसोबत पुण्याला पाठवायचं. याला मिस्ट्री शॉपिंग म्हणतात. आधी ती मोबाइलवरच भरायची, पण ऐन वेळी आईचा फोन आला आणि अख्खी भेट वाया गेली.

बबलूनं आधी पेनाच्या आकाराचा एक दाखवला. "कुर्त्याले खिसाच नाही, लावू कुठी? डोक्यात?" तो बाद. दुसऱ्याचा निळा दिवा भररस्त्यात दिसावा असा. तोही बाद. मग माझी पाळी आली. तिनं मला स्कार्फच्या घडीत टाकलं, दुकानाच्या टोकापर्यंत चालत गेली, बोलली, परत आली, कानाला लावून ऐकलं. कापडाची खरखर येत होती. तिनं घडी बदलली, सेफ्टी पिन लावली, पुन्हा गेली. असं चारदा. बबलू वैतागला, पण मी मनातून खूश. इतक्या काळजीनं मला कोणी हातात धरलंच नव्हतं.

"घेते हे," ती म्हणाली. निघता निघता बबलूनं माझी एक करामत तिला चालू करून दिली. "कोणी बोललं तरच भरते. चूप झाले की आपोआप थांबते. सेल वाचतात." त्या करामतीचा मला केवढा गर्व होता!

पहिलं काम बाभुळगावला, एका कपड्यांच्या दुकानात. तिथला पोऱ्या शर्ट दाखवता दाखवता एकदम थांबला. "मॅडम, तुमच्या गळ्याजवळ लाल लाल काय लुकलुकून राह्यलं?" माझा दिवा! उर्वशीच्या गळ्याची शीर माझ्या पाठीला धडधड लागत होती. ती म्हणाली, "कानातल्या मशीनचं चार्जिंग हाय, भाऊ." त्याला पटलं की नाही कोण जाणे, पण त्यानं पुढचा शर्ट उलगडला. बाहेर आल्यावर तिनं माझा दिवा कायमचा बंद करून टाकला. बोरी अरबचं काम त्यामुळे सुरळीत झालं.

आणि मग पुण्याहून नयन सरांचा फोन आला. उर्वशीला काम देणारे ते. माणूस वाईट नाही, पण घाईचा.

"उर्वशी, उद्या दारव्हा. चपलांचं दुकान. तिथे मथुराबाई म्हणून एक आहेत. 'नम्र भाषा' या रकान्यात दोनदा नापास झाल्यात. ही तिसरी भेट. यातही तेच आलं, तर कंपनी त्यांना कामावरून कमी करणार. नीट भरून आणा."

फोन ठेवल्यावर उर्वशी बराच वेळ मला नुसती हातात फिरवत बसली. आतापर्यंत तिचे फॉर्म म्हणजे हो-नाहीच्या खुणा होत्या. आता त्या खुणेखाली एक बाई आली होती.

दुसऱ्या दिवशी जीपमध्ये दाटीवाटीनं बसून आम्ही दारव्ह्याला उतरलो. बाराचं ऊन होतं. दुकानाच्या दाराशी तिनं माझं बटण दाबलं.

मथुराबाई मागच्या बाजूला स्टुलावर चढून खोके रचत होत्या. पन्नाशीच्या, हिरवं पातळ, कमरेला कंपनीचा पट्टा. उर्वशीला पाहिल्याबरोबर तिथूनच मोठ्यानं ओरडल्या, "कायले आली वं पोरी!" मग खाली उतरून जवळ आल्या आणि आवाज एकदम उतरला. "एवढ्या उन्हात? तोंड पाह्य कसं झालं तुह्यं. बस इथी. पाणी पे पह्यले. चपला कुठी पळून नाही चालल्या."

उर्वशी बसली. पाणी प्यायली. मग तिनं ठरल्याप्रमाणे सगळ्यात महागडी सँडल उचलली.

"ठेव ते! नको घेऊ!" मथुराबाई पुन्हा मोठ्यानं. आणि लगेच तिच्या पायाशी बसून हळूच, "तुह्या टाचेले पह्यलेच फोड आला, माय. हे कडक हाय, चावते. हा साधा घे, पायाले आराम पडते."

दर वेळी असंच. पहिला शब्द दुकानभर, बाकीचं फक्त समोरच्यापुरतं. जुन्या मालकाच्या काळापासून नऊ वर्षं त्या असंच बोलत आल्या होत्या. मालकानं दुकान कंपनीला विकलं, त्यासोबत मथुराबाईही कंपनीकडे गेल्या. मुलगी दिपाली यवतमाळला नर्सिंग शिकते, हेही त्यांनी बोलता बोलता सांगून टाकलं.

उर्वशी खुशीत बाहेर आली. 'नम्र भाषा' समोर तिनं ठळक 'हो' लिहिलं आणि फाईल पाठवून दिली.

संध्याकाळी फोन वाजला.

"उर्वशी, 'हो' कसं लिहिलंत? मी ऐकलं. 'कायले आली वं पोरी!' मग एकदम 'ठेव ते! नको घेऊ!' ही नम्र भाषा?"

"सर, पुढचं ऐका ना. बस म्हणाल्या, पाणी दिलं..."

"पुढे त्यांचं काहीच नाही, नुसतं तुमचं बोलणं आहे. आणि तुम्ही दुकानात पंचवीस मिनिटं होता म्हणता. फाईल नऊ मिनिटांची आहे."

तिनं मला कानाला लावलं. खरंच नव्हतं. मथुराबाई मोठ्यानं बोलल्या की मी जागा झालो, आणि त्यांनी आवाज उतरवला की मला वाटलं, सगळे चूप झाले. मी झोपलो! ऐकू येतं मला सगळंच हो, पण जे भरलं नाही ते दुसऱ्याला कसं ऐकवू? बाईची माया हळू आवाजात होती आणि मी नेमकी तेवढी वगळली. बबलूनं चालू केली होती ती करामत! त्या क्षणी कोणी मला भिंतीवर आपटलं असतं तरी मी तक्रार केली नसती.

"सर, चूक माही हाय. मशीनचं एक बटण चालू राह्यलं. बाईची काही चूक नाही. आमच्याकडे 'कायले आली' म्हणजे हाकलणं नाही, विचारपूस हाय."

"मला कळतं. माझी आजी अमरावतीची. पण आता हे वरचे लोक ऐकणार आणि त्यांना 'कायले' समजवायला मी तिथे नसणार." पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. "रेकॉर्डिंग अर्धवट आहे म्हणून भेट रद्द दाखवतो. परवा पुन्हा जा. कमी करायच्या माणसांची यादी सोमवारी जाते. एवढंच माझ्या हातात आहे. आणि हो, आपण कोण आहोत हे दुकानात सांगायचं नाही, माहीत आहे ना? सांगितलंत तर तुमचं काम जाईल."

ते दोन दिवस उर्वशी धड जेवली नाही. पूर्ण भरलं तरी पहिला शब्द तोच येणार होता. मथुराबाई काही एका दिवसात पुण्याची बोली शिकणार नव्हत्या. जीपमध्ये ती तोंडातल्या तोंडात काहीतरी घोकत होती आणि मला मुठीत इतकं आवळत होती की माझं झाकण करकरलं.

दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. तिनं स्कार्फ सोडला, मला बाहेर काढलं आणि चक्क काउंटरवर ठेवलं. बंदच.

"मावशी, हे आवाज भरते. मी कंपनीची हाय."

मथुराबाईंना आधी कळलंच नाही. मग उर्वशीनं सगळं सांगितलं. दोनदा नापास, आजची भेट, सोमवारची यादी. मथुराबाई ऐकत गेल्या आणि त्यांचा चेहरा उतरत गेला.

"म्हंजे तवाच्या दिवशी तू मले माय-माय म्हणू देत होती आन् माह्यं बोलणं चोरून नेत होती?"

उर्वशीनं मला काउंटरवरच थोडं मागे सरकवलं.

"म्या तुह्या टाचेचा फोड पाह्यला वं!" मथुराबाईंचा आवाज फाटला. "नऊ वर्सं झाले. मले काय माहीत, कोण पाणी प्यायले आलं आन् कोण नंबर द्यायले!"

मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी इतक्या लोकांचे आवाज भरले, पण माझ्याकडे असं डोळे लावून कोणीच पाहिलं नव्हतं. माझी लाज वाटली मला.

"सांग," त्या शेवटी म्हणाल्या. "काय बोलू? लेकीचं शिक्षण हाय माह्या जिवावर."

उर्वशीनं त्यांना शिकवलं. मथुराबाईंनी पाच-सहा वेळा म्हणून पाहिलं. जीभ अडखळत होती, 'सेवा' ऐवजी 'शेवा' येत होतं. पण शिकल्या. मग उर्वशी बाहेर गेली, माझी करामत बंद आहे हे तिनं दोनदा तपासलं, बटण दाबलं आणि आत आली.

"नमस्कार मॅडम. आपलं स्वागत आहे. मी मथुरा. आपली काय सेवा करू?"

अठरा मिनिटं. एक शब्द सुटला नाही. मी इतकं स्वच्छ कधीच भरलं नव्हतं. मध्ये लालसिंग नावाचे एक म्हातारे बाबा आले, जवळच्या तांड्यावरचे, मथुराबाईंचे जुने गिऱ्हाईक. मथुराबाई त्यांनाही म्हणाल्या, "नमस्कार, आपलं स्वागत आहे." लालसिंगबाबांनी मागे वळून पाहिलं, दारात दुसरं कोण आलं म्हणून.

सोमवारी नयन सरांचा फोन आला. दहापैकी दहा. मथुराबाईंची नोकरी राहिली. "बघा," सर म्हणाले, "सांगितलं की माणसं सुधारतात." उर्वशी 'हो सर' म्हणाली, फोन ठेवला आणि उशीत तोंड खुपसून रडली. पुढच्या आठवड्यात आलेलं काम तिनं घेतलं नाही. त्यानंतरचंही नाही.

महिन्याभरानं ती आईसाठी चप्पल घ्यायला मुद्दाम दारव्ह्याला गेली. बबलूकडे मला परत द्यायचं होतं, म्हणून मी तिच्या पर्समध्ये तळाशी पडलो होतो. सेल काढलेले, पोट रिकामं.

मथुराबाई खोके रचत होत्या. त्यांनी वळून पाहिलं. मला वाटलं, आता दुकानभर आवाज येणार. मी कान टवकारले.

"नमस्कार मॅडम. आपलं स्वागत आहे."

"मावशी, मी उर्वशी. आज काही नाही वं माह्याजवळ. आईची चप्पल घ्यायले आली."

"कोणत्या साईजमध्ये बघणार, मॅडम?"

उर्वशीनं स्कार्फ सोडून काउंटरवर ठेवला. तेवढ्यानं होईना म्हणून पर्स उलटी केली. किल्ल्या, रुमाल, जीपचे सुटे पैसे पडले आणि त्यांच्यावर मी पडलो. मथुराबाई माझ्याकडे बघत राहिल्या. उर्वशीनं माझं मागचं झाकण उघडून रिकामी जागा दाखवली. "पाहा ना मावशी, यात सेलसुद्धा नाही."

"काही हरकत नाही, मॅडम," त्या म्हणाल्या आणि सात नंबरची चप्पल काढून दिली. टाचेकडे पाहिलं नाही.

आता मी उर्वशीच्या कपाटात आहे. बबलूनं मला परत घेतलं नाही. वापरलेला माल तो घेत नाही. माझी काही तक्रार नाही. तुम्ही मला विकत घेतलंत तरी चालेल, कोणा शिकणाऱ्या पोराला दिलंत तरी चालेल, फक्त समोरच्याला सांगून बटण दाबा.

आणि एक काम माझ्यासाठी करा. दारव्ह्याला गेलात तर चपलांच्या त्या दुकानात जा. मथुराबाई तुम्हाला नमस्कार करतील, स्वागत आहे म्हणतील. त्यांना माझा निरोप द्या. म्हणावं, मावशी, पोरगी आईची चप्पल घ्यायला आली, त्या दिवशी तो रेकॉर्डर खरंच बंद होता.