आवाज न करणारी बोट

स्कॉटलंडजवळच्या हेब्रिडीज बेटांपैकी स्कारवे बेटावर गजराचं घड्याळ कुणी लावत नसे. सकाळी साडेसहाला जुन्या फेरीबोटीचं इंजिन सुरू झालं की फडताळातल्या बश्या थरथरायच्या आणि बेट उठायचं. त्या इंजिनाचा मिस्त्री फेरखर. एकतीस वर्षं त्याने ते सांभाळलं, आणि ते बनवणारी कंपनी केव्हाच बुडाल्यामुळे त्यातले निम्मे भाग स्वतः लेथवर कातले.

त्याच्या बायकोची, पेगीची, मूत्रपिंडं तीन वर्षांपूर्वी निकामी झाली होती. सोमवार, बुधवार, शुक्रवार असं बोटीने पलीकडच्या इस्पितळात जाऊन डायलिसिस करावं लागे. गेल्या हिवाळ्यात बोट दोनदा बंद पडली. बदली बोट आली, पण वेगळ्या मापाची असल्याने ती स्कारवेच्या धक्क्याला लागेचना. दुसऱ्या खेपेला पेगीला हेलिकॉप्टरने न्यावं लागलं, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी सांगून टाकलं, "आता इकडेच राहायला या." फेरखरने जड मनाने घर विकायला काढलं.

सप्टेंबरातल्या एका शनिवारी नवी बोट आली, आणि जुन्या बोटीबरोबर फेरखरही निवृत्त झाला. बॅटरीवर चालणारी, आणि आसपासच्या सात बेटांना सात, एकाच साच्यातल्या. सगळं गाव धक्क्यावर नाचायला गेलं. फेरखर घरात फुगून बसला. "बॅटरीवर खेळणी चालतात," म्हणाला. रविवार देवाचा, त्या दिवशी बोट हलायचा प्रश्नच नव्हता.

सोमवारी त्याला जाग आली तेव्हा सात वाजत आले होते आणि बश्या गप्प होत्या. तो ताडकन उठून बसला.

"मेली! पहिल्याच दिवशी मेली!"

"अरे, जरा धक्क्यावर जाऊन बघ तरी," पेगी म्हणाली.

"बघायचं काय त्यात? इतकी शांतता ऐकू येत नाही तुला?"

शेजारचा टॉर्कल पिंजरे टाकून शेवंडं, म्हणजे लॉबस्टर, पकडायचा. इंजिन वाजलं नाही म्हणून तोही अंथरुणातच होता. फेरखरने त्याला ओढून काढला, पेगीला त्याच्या होडीत पिंजऱ्यांच्या मधे बसवलं, आणि तिघं मागच्या खाडीतून निघाले.

निम्म्या वाटेवर एक भलीमोठी पांढरी बोट शेजारी आली. आवाज काय तो पाणी कापल्याचा. वरून कप्तान एफ्रिक ओरडली, "काय रे फेरखर, बायकोला शेवंडांबरोबर बाजारात नेतोस का? आणि माझ्या बोटीत एकही माणूस कसा नाही? बेटावर साथ आलीय का?"

पेगी पोट धरून हसली. फेरखरने टोपी डोळ्यांवर ओढली.

संध्याकाळी परत निघताना मात्र नव्या बोटीची एक मोटर खरंच अडली. डायलिसिसनंतर पेगी पार गळून गेली होती. फेरखर बाह्या सरसावून खाली इंजिनखोलीत धावला.

"लेथ कुठाय?"

"लेथ नाही हो, काका," नवी इंजिनवाली म्हणाली. "शेजारच्या बेटाची बोट बोलावलीय. बसा निवांत."

निवांत कसला बसतोय! तो धक्क्यावर येरझाऱ्या घालत राहिला. अर्ध्या तासात दुसरी बोट आली, हुबेहूब पहिलीसारखी. माणसं, दोन ट्रक, मेंढ्यांची गाडी तिच्यात चढली, आणि ती स्कारवेच्या धक्क्याला अशी लागली जणू रोज तिथेच येते.

फेरखर धक्क्यावर उतरला. बोटीचा दोर बांधायच्या खुंटावर तो बसला. एवढं हलकं त्याला तीन वर्षांत वाटलं नव्हतं.

"सगळे मला शाबासकी द्यायचे," तो पेगीला म्हणाला, "आणि मला नुसती भीती वाटायची. माझा एक बोल्ट चुकला तर तू जाशील अशी."

"ठाऊक आहे मला. झोपेत बोल्ट मोजायचास." तिने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "आता कुणी दुसरं मोजेल."

त्याने तिथूनच डॉक्टरीणबाईंना फोन लावला. तिकडे राहायला कधी येताय, असं त्या विचारत होत्या.

"पेगी बुधवारी येते," तो म्हणाला. "घरून."