घरचं मीठ

"हेही जांभळं!" डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि खुशीत हसल्या.

देवळाच्या मंडपात सतरंजीवर गावातल्या बायका ओळीने बसल्या होत्या. प्रत्येकीच्या पुढ्यात वाटी, वाटीत चमचाभर मीठ. डॉक्टर चंद्रावती गुप्ते मुंबईच्या. पेण आणि रोह्याकडच्या गावांत बायकांचे गळे का सुजतात, ह्याचं संशोधन त्या करत होत्या. हातातल्या चिमुकल्या बाटलीतून त्या प्रत्येक वाटीत एक थेंब टाकत. मिठात आयोडीन असलं की थेंब पडल्या जागी मीठ जांभळं होई, नसलं तर होतं तसंच राही. इथे तर एकूण एक वाटी जांभळी होत चालली होती.

खांबाला टेकून उभा असलेला काळुराम मिशीतल्या मिशीत हसत होता. हसेल नाही तर काय! ते मीठ त्यानेच आणलं होतं.

काळुराम मिठागराचा मुकादम. खाडीकाठच्या खारेपाटात आगरं पुष्कळ, पण काळुरामच्या हाताखालचं मीठ पांढरंशुभ्र, टपोऱ्या खड्यांचं, आणि त्याचा त्याला कोण अभिमान! मात्र ते मीठ विकायचं. घरात यायचं ते वाफ्याच्या तळाचं, चिखलासकट खरवडलेलं, करडं. चांगलं रास करून व्यापाऱ्याला आणि तळाचं घरच्या मडक्यात, ही रीत आज्याच्याही आधीपासूनची. त्यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. पण मुंबईची माणसं येणार, घरचं मीठ बघायला मागणार, हे कळलं आणि काळुरामचा जीव खालीवर झाला. ही करडी माती बघून बाई म्हणतील, हेच का तुमच्या आगराचं मीठ? त्यातून आयोडीन नसलेल्या साध्या मिठावर सरकार बंदी आणणार अशी कुजबुज त्या वर्षी जोरात होती, म्हणजे आगरातलं पांढरंही दाखवून भागणार नव्हतं. मग गडी पेणच्या बाजारात गेला, जन्मात पहिल्यांदा मीठ विकत घेतलं आणि बायकोच्या, धोंडुबाईच्या हातून घरोघर वाटलं. पाहुण्यांना बसायला फाटकी गोधडी कुणी टाकतं का? तसंच हे.

ओळीत शेवटी त्याची सून बसली होती, शकू. बाईंनी तिचा गळा दोन्ही हातांनी चाचपला, पाण्याचा घोट गिळायला लावला, पुन्हा चाचपला. त्यांचं हसू मावळलं.

"थंडी फार वाजते का गं? अंग जड होतं? सारखी झोप येते?"

शकूने मान हलवली. "दिवस आहेत का?" बाईंनी विचारलं, तशी तिने सासूकडे पाहिलं.

"तिसरा लागलाय," धोंडुबाई हळू आवाजात म्हणाली. "आदीचे दोन नाय टिकले."

बाईंनी शकूच्या वाटीत थेंब टाकला. जांभळा. त्या बुचकळ्यात पडल्या. "म्हणजे हिच्या गाठीचं कारण वेगळं असणार," त्या म्हणाल्या. "हिला अलिबागला मोठ्या दवाखान्यात दाखवा, चिठ्ठी देते. आम्ही रक्त तपासतो ते मिठात आयोडीन नसलेल्या गावांतल्या बायकांचं. इथे त्याची गरज दिसत नाही."

"आनि मिठात ते नसला तर काय होतं?" काळुरामने सहज विचारलं.

"गळ्यात थायरॉईड नावाची ग्रंथी असते. आयोडीन मिळालं नाही की ती सुजते आणि तिचं काम मंदावतं. मग कधीकधी गर्भ टिकत नाही. टिकला तरी बाळाच्या मेंदूची वाढ खुंटू शकते." बाईंनी बाटलीचं बूच लावलं. "तुमचं गाव सुटलं त्यातून."

जीप बांधावरून धुरळा उडवत रोह्याकडे निघून गेली. काळुराम खांबापाशी उभाच राहिला. गाव सुटलं! आणि सोडवलं कुणी, तर त्यानेच.

संध्याकाळी पानावर बसला, पण घास उतरेना. चुलीपाशी करड्या मिठाचं मडकं होतं, त्याच्याकडे त्याची नजर पुन्हा पुन्हा जाई.

"तोंडाला काय झाला?" धोंडुबाईने विचारलं.

"ह्याच मडक्यातला मीठ शकू खाते ना गो?"

"मंग? आपन सगलेच खातो. आपल्याला काय धाड भरलीय?"

काळुरामने बायकोच्या गळ्याकडे पाहिलं. लग्नात ह्याच गळ्याचं सगळ्यांनी कौतुक केलं होतं. भरलेला गळा, सोनं शोभून दिसेल असा! त्याच्या आईचा गळाही तसाच होता. शकूला बघायला गेले तेव्हा धोंडुबाईने घरी येऊन हेच सांगितलं होतं, पोरीचा गळा बाकी भरदार आहे हो. इतकी वर्षं ज्याला रूप म्हटलं ते दुखणं होतं की काय, ह्या विचाराने त्याने पान बाजूला सारलं.

"मी उद्या शकूला घेऊन रोह्याला बाईंकडे जातो," तो म्हणाला.

"तिसऱ्या महिन्यात एष्टीचे धक्के? शिवा काय बोलंल?" शिवा त्यांचा मुलगा, नागोठण्याला कंपनीत ठेकेदाराकडे कामाला. त्या आठवड्यात त्याची रात्रपाळी होती.

"शिवाला मी सांगन. दोनदा आपन घरात बसून रडलो. ह्या वख्ताला नाय बसनार."

सकाळी एका फडक्यात करड्या मिठाची पुरचुंडी बांधून तो निघाला. मागून शकू. बांधावर पोपट भेटला, आगरातला त्याचा जुना जोडीदार. पुरचुंडी कसली ते ऐकून तो हबकलाच.

"येडा झालास का मुकादम? आपल्या मिठाची बदनामी आपनच करायची? उद्या व्यापारी तोंड फिरवतील. आगर बंद पारतील सरकारवाले!"

"आगर बंद झाला तर दुसरा काम बघू," काळुराम म्हणाला. "पोर गेला तर दुसरा कुठून आनशील?"

पोपटने वाट पटकन दिली नाही. शकू मान खाली घालून त्याच्या अंगावरून पुढे झाली, तेव्हा कुठे तो बाजूला सरकला.

रोह्याला शाळेच्या ओसरीवर बाईंचं तपासणीचं काम चाललं होतं. काळुराम बायकांच्या रांगेतून सरळ पुढे गेला आणि त्याने टेबलावर फडकं सोडलं.

"बाई, काल तुमाला फशिवला. तो मीठ दुकानातला. आमी खातो तो ह्यो."

बाईंनी एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा मिठाकडे. मग थेंब टाकला. वाट पाहिली. आणखी एक टाकला. मीठ करडं ते करडंच राहिलं.

मग बाईंचा पारा चढला. "तुम्हाला कळतंय का काय केलंत ते? तुमच्या गावात सगळं ठीक आहे असं मी लिहून मोकळी झाले असते! त्यावर भरवसा ठेवून पुढे कुणी तुमच्याकडे फिरकलंही नसतं. इतक्या बायकांच्या जिवाशी खेळ!"

रांगेतल्या बायका, शाळेचा शिपाई, सगळे बघत होते. आगरात वीस माणसांना दमात घेणारा मुकादम लहान पोरासारखा बोलणी खात उभा होता. लाजेने त्याचे कान तापले, पण तो हलला नाही.

"बोला बाई, काय बोलायचा तो बोला," तो म्हणाला. "पन आदी हिचा रक्त घ्या."

बाई थांबल्या. त्यांनी शकूला खुर्चीत बसवलं आणि सुई हातात घेतली. रक्त घेऊन झाल्यावर काळुरामकडे न बघताच म्हणाल्या, "परवा मी पुन्हा येते गावात. ह्या खेपेला घरात खातात तेच मीठ पाहिजे. आणि ते तुम्ही सांगायचं. लोक तुमचं ऐकतात हे कालच दिसलं मला."

सांगणं सोपं नव्हतं. घरोघर चांगलं मीठ पोचवून ते दाखवा म्हणणाऱ्यानेच आता वाईट दाखवा म्हणायचं. काही दारांत त्याला उभंही केलं नाही. तरी तो प्रत्येक दारात गेला, प्रत्येकीला गाठीचं आणि गर्भाचं सांगितलं, आणि ठरल्या दिवशी मंडपात सगळ्यांच्या आधी स्वतःच्या घरची वाटी घेऊन बसला. बायका एकेक करून आल्या. वाट्या सगळ्या करड्या. बाईंनी त्या दिवशी दुपार टळेपर्यंत रक्त घेतलं. पोपट मात्र त्यानंतर आगरात काळुरामशी कामापुरतंच बोलू लागला.

शकूच्या तपासणीचा निकाल पेणच्या सरकारी दवाखान्यात आला आणि बाईंनी तिथेच तो काळुरामला समजावून सांगितला. तिची थायरॉईड फारच मंद होती. रोज सकाळी उपाशीपोटी एक गोळी, एक दिवसही न चुकता, आणि घरात सगळ्यांना आयोडीनचं मीठ.

"आता पोर टिकंल ना?" काळुरामने विचारलं.

"खात्री देत नाही," बाई म्हणाल्या. "आधी आपल्या हातात काहीच नव्हतं, आता औषध आहे. ते नीट घ्या. आणि मीठ विकायचं ते खुशाल विका. मी आगर बंद करायला आलेली नाही."

येताना त्याने बाजारात मिठाच्या पिशव्या घेतल्या. ओळखीचा दुकानदार हसला, म्हणाला, "मुकादम, तुमी आनि मीठ विकत?" काळुराम म्हणाला, "व्हय. दर महिन्याला लागंल. काढून ठेवत जा."

गोळ्या सुरू झाल्या. धोंडुबाई रोज उजाडताच पाण्याचा पेला घेऊन सुनेच्या उशाशी उभी राही. काही आठवडे गेले. एका दुपारी शिवा पाळी संपवून घरी होता आणि खाडीतले बोईट मासे मिळाले होते. सगळी पंगतीला बसली. धोंडुबाईने कालवण वाढलं.

पहिला घास तोंडात गेला आणि काळुरामला कळलं. खारट! चांगलंच खारट. दुकानातलं मीठ बारीक, चिमटीत जास्त मावणारं. धोंडुबाईचा हात जुन्या जाड्याभरड्या मिठाला सरावलेला, इतक्या आठवड्यांनंतरही अधूनमधून चुके. त्याने बायकोकडे पाहिलं. तिनेही घास घेतला होता आणि तिचा चेहरा पडला होता. शिवा काही बोलणार, तेवढ्यात काळुरामने त्याला डोळ्यांनीच गप्प केलं.

शकू खाली मान घालून जेवत होती. कित्येक महिन्यांत ती दोन घासांपुढे गेली नव्हती. तिने ताटातलं सगळं संपवलं, बोट चाटलं आणि ताट पुढे केलं.

"आये, थोरा आनखी वाढ."

धोंडुबाई पळी हातात धरून तशीच राहिली. तिचे डोळे भरून आले होते. मग तिने सुनेच्या ताटात मोठा तुकडा वाढला आणि नवऱ्याकडे वळली.

"मला पन," काळुराम म्हणाला, आणि पेलाभर पाणी पिऊन त्याने भात कालवायला घेतला.